आत्या नसलेलं बारसं

प्रिय विश्वंभर,

लिहिलं बाई एकदाचं. माझ्या वडिलांना मी जन्मात कधी पत्र लिहिलं नाही आणि आज त्यांच्याच नावाला ‘प्रिय’ लावून बसलेय. ते असते तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, “गिरिजे, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?” आहे. दोन वर्षांनी पहिल्यांदाच ठिकाणावर आहे, म्हणून तर लिहितेय. तू माझा फोन उचलत नाहीस ते एका परीनं बरंच आहे, कारण फोनवर मी एक तर भांडते नाही तर रडते, आणि दोन्हीत मुद्दा राहून जातो. आज दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी, टेबलासमोर गिऱ्हाईक नाही. टाईप केलं असतं तर अर्ध्या तासात उरकलं असतं, पण माझ्या हातून टाईप झालेलं काहीही अर्जासारखं दिसतं, आणि तुला अर्ज पाठवायची माझी इच्छा नाही. माझं अक्षर तुला लागतं, एवढी खात्री आहे. शेजारच्या टेबलाचे अतिकभाई उद्या त्यांच्या लेकीला, गजालाला, भेटायला जालन्याला जातायत. एमआयडीसीजवळच्या तुझ्या खोलीचा पत्ता त्यांना लिहून दिलाय.

आधी कामाचं बोलते. पुढच्या रविवारी वडीगोद्रीला शिवाजीच्या पोरीचं बारसं आहे. सव्वा महिन्याची होईल तोवर. दैवशाला बाळाला घेऊन माहेराहून आलीये, पोरीचं नाक आपल्या घरचं निघालंय, त्याला इलाज नाही. तीन आठवड्यांपूर्वी शिवाजीच्या फोनवरून तुला एक मेसेज आला. मला तो पाठ आहे. ‘बाळाला दुसरी आत्या नाही. एक दिवसापुरती साडी नेसून ये, पाळण्याशी उभी राहा, बाळाच्या कानात नाव सांग. सबब लोकांना बोलायला जागा राहणार नाही. पुढे तुला हवं तसं राहा, ही विनंती.’ तुझं उत्तरही पाठ आहे. ‘मी तिची आत्या नाही. काका म्हणून बोलवायची लाज वाटत असेल तर बोलवू नका. यापुढे मला फोन करू नकोस, दादा.’ त्या दिवसापासून तुम्ही दोघे भाऊ बोलत नाही. शिवाजीनं दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा त्यानं लावला नाही. शेतातून येतो, पोरीला मांडीवर घेतो आणि भिंतीकडे बघत बसतो. तुम्हा दोघांचं बोलणं रविवारच्या आत सुरू झालं पाहिजे, त्याशिवाय त्या बारशाला काही अर्थ नाही. माझी सगळी धडपड तेवढ्यासाठी आहे.

पण त्याच्याआधी माझं आणि तुझं जे अडलंय ते मोकळं करू दे. दोन वर्षांपूर्वी तू अंबडला माझ्या टेबलासमोर येऊन बसलास, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. केस बारीक कापलेले, अंगात निळा चौकड्यांचा शर्ट, आणि गुडघा सारखा हलत होता. सगळं सांगितलंस. कधीपासून वाटतंय, कोणत्या डॉक्टरांकडे गेलास, कलेक्टर कचेरीतून कोणतं प्रमाणपत्र मिळालं. मी ऐकत होते. मी फक्त एवढंच विचारलं, “नाव काय ठेवलंस?” तू म्हणालास, “विश्वंभर,” आणि पिशवीतून प्रतिज्ञापत्राची प्रत काढून माझ्यापुढे ठेवलीस. मी तोंड फिरवलं आणि एका माणसाचा वारसनोंदीचा अर्ज टाईप करत बसले. तू चहा येईपर्यंत थांबलास. चहा आला, तू घेतला नाहीस, आणि उठून स्टँडकडे गेलास. तुला वाटलं, आत्याला मी पुरुष असणं सहन झालं नाही. गावालाही तेच वाटलं. दोन वर्षं मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही, कारण खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती.

खरं कारण हे की मी रुसले होते. साठी उलटलेली बाई, लहान पोरासारखी रुसले होते. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो की नाही? तू जन्मलास तेव्हा पाळण्यात वाकून तुझ्या कानात ‘शिवकन्या’ मी सांगितलं होतं. भाऊ शिवाजी, म्हणून बहीण शिवकन्या. फार अक्कल लावली होती अशातला भाग नाही, पण नाव माझं होतं. नाव सांगितल्याबरोबर गल्लीतल्या बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले होते की तीन दिवस मला कुशीवर झोपावं लागलं. ते धपाटे मी किती मिरवले असतील! नवऱ्याचं घर सुटलेल्या बाईला मानानं पुढे बोलवावं असे प्रसंग आपल्याकडे किती येतात, तू सांग. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नव्हतं. लग्नात मी मागच्या रांगेत. पण बारशाला आत्या लागतेच, तिथे कुणाची हिंमत नव्हती मला टाळायची. तो एक मान माझा होता, आणि तू नाव बदललंस ते मला न विचारता. वर प्रतिज्ञापत्र टाईप करून आणलंस ते जालन्याच्या कुणा परक्या माणसाकडून! तीस-पस्तीस वर्षं मी अंबडच्या कोर्टासमोर नावं बदलून देतेय. निम्म्या तालुक्याची नावं माझ्या बोटांखालून गेलीत. आणि माझ्याच घरच्या नावात त्या माणसानं ‘राहणार’च्या पुढे गाव चुकवलं होतं, वडीगोद्रीचं ‘वाडीगोंद्री’ केलं होतं, ते मी एका नजरेत पाहिलं आणि तुला सांगितलंही नाही. इतकी दुष्ट झाले होते मी.

नाव बदलणं म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. मी आयुष्यात टाईप केलेलं पहिलं प्रतिज्ञापत्र माझं स्वतःचं होतं. परतूरच्या सासरहून दोन वर्षांत परत आले तेव्हा वडिलांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, एकही प्रश्न विचारला नाही. ते अर्जनवीस होते, याच टेबलावर बसायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत आणलं, मशीनपुढे बसवलं आणि म्हणाले, “लिही. मी खाली सही करणार गिरिजा विश्वंभर.” नवऱ्याचं नाव काढून मी पुन्हा वडिलांचं लावलं. चार कागद वाया गेले. पाचव्या कागदावर सही केली आणि घरी येऊन पोटभर जेवले. त्या जेवणाची चव मला अजून आठवते. तू प्रतिज्ञापत्रावर सही केलीस त्या दिवशी तू काय जेवलास, हे मी तुला विचारायला हवं होतं. ते सोडून मी वारसनोंद टाईप करत बसले.

अतिकभाईंनी मला सहा महिने बघितलं आणि एक दिवस डबा खाताना म्हणाले, “आपा, पोरगं तुमचं, नाव तुमच्या वालिदचं, मंग गुस्सा कायचा?” मी म्हटलं, मला विचारलं नाही. तर म्हणे, “विचारलं असतं तर तुम्ही काय ठेवलं असतं?” मला एकही नाव सुचेना. खरंच सांगते, त्या दिवसापासून मी रात्रंदिवस नावं आठवून पाहिली, आणि तुझ्या अंगावर विश्वंभरच बसतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं होतं, आजकालची पोरं कसली कसली गोंडस नावं घेतात आणि यानं एखाद्या म्हाताऱ्या सरपंचाचं नाव उचललं. मग आठवलं. वडील तुला कधी ‘ए पोरी’ म्हणाले नाहीत. सायकलच्या नळीवर बसवून बाजाराला न्यायचे, आणि हाक मारायचे ती ‘मालक’. “चला मालक, भजी खाऊ.” बाकी सगळ्या गावाला तू पोरगी दिसत होतास, त्या एका म्हाताऱ्याला मालक दिसत होता. त्यांचं नाव तू घेतलंस यात नवल ते काय? माझ्याही नावामागे तेच आहे. आपण दोघांनी अडचणीच्या वेळी एकाच माणसाचं नाव लावलं, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

आता तुझ्या आईचं. तुला वाटतं, आई मला नावानं हाक मारत नाही, ‘अरे’, ‘बाबू’, ‘ऐकलं का’ असं म्हणून वेळ मारून नेते, म्हणजे तिनं मला मनातून स्वीकारलं नाही. मागच्या दिवाळीला तू या गोष्टीवरून ताट तसंच सोडून उठलास, असं शिवाजी सांगत होता. अरे शहाण्या, तू जालन्यात बियाण्याच्या कंपनीत दाणा न् दाणा तपासतोस, आणि घरातली एवढी गोष्ट तुझ्या लक्षात येऊ नये? तिच्या सासऱ्याचं नाव आहे ते! लग्न होऊन आली त्या दिवसापासून आजवर तिनं ते नाव तोंडातून काढलेलं नाही. बँकेत, दवाखान्यात, कुठेही विचारलं की ती माझ्याकडे बघते आणि मी सांगते. तू सबंध महाराष्ट्रातून नेमकं तेच नाव निवडलंस जे तुझ्या आईला मरेपर्यंत घेता येणार नाही. मला हसावं की रडावं कळेना. गावातल्या बायका म्हणतात, बघा, आईचंसुद्धा मन मानत नाही. आणि ती बिचारी कुणाला समजावून सांगणार? सांगायचं तर नाव घ्यावं लागणार.

गेल्या महिन्यात ती अंबडला आली तेव्हा मी तिच्यासोबत रेशन कार्डाच्या कामाला गेले होते. खिडकीतला कारकून नवीन होता, घाईत होता. घरात कोण कोण, विचारलं. तिनं सांगितलं, आमचे हे, थोरला शिवाजी, सून दैवशाला, नवी नात. कारकून म्हणाला, इथे एक शिवकन्या दिसतेय, लग्न झालं का, नाव कमी करायचं का? मी तोंड उघडणार तेवढ्यात तुझ्या आईनं माझा हात दाबला. म्हणाली, “कमी न्हाई करायचं, बदलायचंय. शिवकन्या न्हाई, धाकटा लेक हाय तो माझा.” कारकून म्हणाला, लेकाचं नाव सांगा. ती पदर पुढे ओढून म्हणाली, “आमच्या मामंजींचं जे नाव, तेच त्याचं. लिहा की बराबर.” कारकून मामंजींचं नाव विचारतोय, मागे रांग वाढतेय, ही काही केल्या नाव घेईना. शेवटी मी सांगितलं. त्यानं कागद मागितले, ते मी दाखवले. हो, तुझ्या नावबदलाच्या गॅझेटची प्रत माझ्याकडे आहे, शिवाजीकडून मागून घेतली होती. बाहेर आल्यावर तुझ्या आईनं रसवंतीवर दोन ग्लास रस सांगितला आणि एकटीनं दोन्ही प्यायली. इतका घाम फुटला होता तिला. पण चेहरा बघायचा होतास. मी तिच्या शेजारी रिकाम्या हातानं बसले होते आणि मला इतकं बरं वाटत होतं.

बोलताना माझं अजून चुकतं, ते आधीच सांगून ठेवते. ‘ती आली होती’ म्हणून जाते आणि मग जीभ चावते. हे पत्र लिहिताना दोन ठिकाणी खोडलंय, ते तुला दिसेलच, नवीन कागद घेतला नाही. इतक्या वर्षांची सवय आहे, एकदम जाणार नाही, पण रोज थोडी जातेय. टेबलावर येणाऱ्या माणसाचं मी आजवर नाव विचारलं, वय विचारलं, धंदा विचारला. बाई की पुरुष ते नुसतं तोंडाकडे बघून लिहून टाकलं. आता विचारते. परवा एक शेतकरी म्हातारा असा भडकला! “बाई, मिशा दिसत न्हाईत का माझ्या?” मी म्हटलं, दिसतायत, पण विचारायचा नियम आहे. अतिकभाई खुर्चीतून पडायचे बाकी होते.

आणखी एक गोष्ट मनात सलते. आपल्या घरात चांगल्या पोरीला शाबासकी द्यायची तर तिला पोरगा म्हणतात. मी टेबल सांभाळायला लागले तेव्हा वडील सगळ्यांना सांगायचे, ही माझी पोरगी न्हाई, पोरगा हाय. मी फुलून जायची. तू दहा वर्षांचा असताना मोटर सुरू करून शेताला पाणी दिलंस तेव्हा मी तुझ्या पाठीवर थाप मारून तेच म्हटलं होतं, आमचा पोरगाच तू. तुझा बाप भारत म्हणायचा, तुझी आई म्हणायची, गल्ली म्हणायची. सगळे कौतुकानं म्हणत होतो. तू एक दिवस येऊन म्हणालास, हो, मी पोरगाच आहे, तर सगळ्यांची दातखीळ बसली. म्हणजे आम्ही तुला जे इतकी वर्षं म्हणत होतो ते आम्हालाच खरं वाटत नव्हतं. माझं उलट होतं. मला पोरगा म्हटलेलं आवडायचं, पण मी आतून-बाहेरून बाईच होते, आणि बाई म्हणूनच टेबल सांभाळत होते. तसं कुणी म्हटलं नाही. तुलाही बरोबर नाव मिळालं नाही आणि मलाही नाही.

आणि इथेच माझं खरं दुखणं आहे, रुसव्याच्या खालचं. बायकांच्या बाजूला या घरात मला एकच सोबत होती, ती तुझी. सुट्टीत तू अंबडला यायचास, माझ्या शेजारी बसून कार्बन लावून द्यायचास, संध्याकाळी आपण दोघी, हे बघ, पुन्हा चुकले, आपण दोघं भेळ खायचो. मी मनात धरून चालले होते की माझ्यानंतर या घरात बारशांना आत्या म्हणून तू उभी राहशील, माझा तो मान तुझ्याकडे जाईल. मग तू सांगितलंस की तू त्या बाजूला कधी नव्हतासच. मला वाटलं, मी एकटी उरले. तुझ्या सुखात मला माझं एकटेपण दिसलं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. तू कुठे गेलेला नाहीस, जालन्यातच आहेस, एसटीनं तासाभराच्या अंतरावर, हे साधं गणित मला मांडता आलं नाही.

शिवाजीच्या लग्नात तू करवली होतास, हातात करा घेऊन उभा. साडी मीच नेसवली होती. तू म्हणालास, “आत्या, मला श्वास घेता येत न्हाई,” आणि मी पिना सैल केल्या. तू पुन्हा तेच म्हणालास, मी आणखी दोन पिना काढल्या. मला वाटलं, पिना घट्ट झाल्यात. दिवसभर तू तसाच उभा राहिलास, फोटोत एकदाही हसला नाहीस, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, पोरगी लाजाळू आहे.

आता चांगली बातमी. परवा गुरुवारी मी वडीगोद्रीला गेले, सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि बारशाचा विषय काढला. तुझा बाप भारत नेहमीप्रमाणे सुपारी कातरत बसला. मी म्हटलं, बाळाला आत्या नाही, मग नाव कोण ठेवणार? दैवशाला, तिला आपण गरीब गाय समजत होतो, पोरीला पाजत पाजत म्हणाली, “आत्या न्हाई तर न्हाई. काका हाय ना? किती घरात आत्या नसती, त्यांची लेकरं काय बिननावाची राह्यतात? तुम्ही हायेत, तिच्या बापाच्या आत्या. तुम्ही सांगा कानात. पण काका आल्याबिगर मी पोरीला पाळण्यात घालणार न्हाई.” एवढं सोपं होतं! आम्ही सगळे तीन आठवडे डोकं धरून बसलो होतो आणि सव्वीस वर्षांच्या पोरीनं एका दमात मोकळं केलं. भारत उठला, मोटारसायकल काढली, आणि दोन तासांनी अंबडहून पॅन्ट-शर्टचं कापड घेऊन आला. तुझ्या आईपुढे ठेवून म्हणाला, “काकाच्या आहेराचं.” आणि पुन्हा सुपारी कातरायला बसला. कापडाचा रंग तुला आवडणार नाही, मातकट आहे, पण आणलंय त्यानं स्वतः.

तेव्हा रविवारी पाळण्यात वाकणार मी, धपाटे खाणार मी. गल्लीतल्या बायका कुजबुजतील, त्यांच्याशी मी बघून घेईन. मी रोज कोर्टासमोर बसते, मला कुजबुजीची भीती घालू नका म्हणावं. पण नाव तू सांगायचंस. मी सुचवणार नाही. लहानपणी तू शिवाजीला सांगून ठेवलं होतंस की तुझ्या पोरीचं नाव मी ठेवणार. ते आत्या म्हणून नव्हतंच, तू म्हणून होतं. जे असेल ते अतिकभाईंच्या हाती चिठ्ठीत लिहून पाठव, नाही तर रविवारी येऊन माझ्या कानात सांग, मी पोरीच्या कानात सांगीन.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. इथवर लांबवलं, कारण धीर होत नव्हता. शिवाजीच्या फोनवरून तुला आलेला तो मेसेज शिवाजीचा नव्हता. मी टाईप केला होता. तो माझ्या टेबलावर आला, म्हणाला, आत्या, विश्वंभरला बारशाला बोलवायचंय, काय लिहू? त्यानं विश्वंभर म्हटलं होतं, लक्षात घे. तो तुला काका म्हणूनच बोलवणार होता. मी म्हटलं, आण इकडे, मी लिहिते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीनं ‘मी’ म्हणून लिहितेय, मला त्याचं काय? लोक काय म्हणतील हे सगळं निमित्त होतं. मला एकदा, एकाच दिवसासाठी, माझी शिवकन्या पाळण्याशी उभी बघायची होती. त्यानं वाचायच्या आत मी पाठवून दिला. त्यानं वाचला तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण तुझं ते उत्तर आलं तरी त्यानं माझं नाव सांगितलं नाही, आत्याचा मान राखला आणि तुझा राग आपल्या अंगावर घेतला. एवढं लिहितो तो कधी? आणि ‘सबब’ हा शब्द त्यानं जन्मात वापरलाय का? तुझं ‘मी तिची आत्या नाही’ वाचलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तू ऐकून साडी नेसून आला असतास तर मी स्वतःला तोंड कसं दाखवलं असतं? गुरुवारी ओसरीवर हे सगळ्यांसमोर कबूल केलं, आज तुझ्यासमोर करते. मला माफ कर किंवा करू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण शिवाजीचा यात काडीचा दोष नाही. हे पत्र खाली ठेव आणि पहिला फोन त्याला कर. मला शिव्या द्यायला रविवार आहेच.

तुझीच, आणि तुला जे नातं मान्य असेल त्या नात्यानं,
गिरिजाआत्या